ब्रेकर थांबतो तेवढा वेळ

वीज म्हटलं की आपल्याला भीती शॉकची. पण डेटा सेंटरच्या (सर्व्हर ठेवलेल्या इमारतीच्या) इलेक्ट्रिकल रूममधला माणूस ज्याला जास्त टरकून असतो ना, त्यात वायरला हात लागावाही लागत नाही, दोन फुटांवर नुसता उभा असला तरी भाजतो. आर्क फ्लॅश म्हणतात त्याला.

होतं काय, तर पॅनेल उघडलेलं असतं, आत तांब्याच्या जाड पट्ट्या म्हणजे बसबार लाइव्ह असतात आणि हातातला पाना सटकून नेमका दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो. पाना वितळून नाहीतर उडून गेला तरी करंट थांबत नाही, कारण मधली हवाच एवढी तापलेली असते की आता तीच वायरसारखी वागते, हाच आर्क. आर्कच्या गाभ्यातलं तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं (सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश!). तांब्याची चक्क वाफ होते आणि ती होताना तांबं जवळपास ६७,००० पट फुगतं, म्हणून नुसती आग नाही तर धमाका, आणि वितळलेल्या धातूचे थेंब थेट समोरच्याच्या अंगावर.

हा धोका किती, ते कॅलरीत मोजतात. डाएटवाली कॅलरी नाही हं, तिचा हजारावा भाग. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर अशा १.२ कॅलरी झटक्यात पडल्या की फोड येण्याइतकं भाजतं. पॅनेलवरच्या स्टिकरवर हाच आकडा असतो, ८, २५, ४०, काहीही.

आता गंमत अशी, की हा आकडा आर्क किती वेळ चालला त्यावर सरळ अवलंबून असतो. ब्रेकरने ०.२ सेकंदात लाइन तोडली आणि ८ कॅलरी झाल्या, तर तोच आर्क २ सेकंद चालला की ८०. आणि डेटा सेंटरमध्ये वरचे ब्रेकर मुद्दाम थोडे सुस्त ठेवलेले असतात! कारण एका रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या एका कपाटात, शॉर्ट सर्किट झालं तर फक्त जवळचा छोटा ब्रेकर पडावा, मेन पडून अख्खा हॉल बंद होऊ नये, म्हणून मेनला सांगून ठेवलेलं असतं की बाबा थोडं थांब, खालचा बघून घेईल. सर्व्हरसाठी हे एकदम बरोबर आहे. पण आर्क मेनच्या जवळच झाला तर हाच थांबायचा वेळ समोरच्या माणसाच्या अंगावर जळतो. त्यात हवेतून जाणारा करंट थेट शॉर्ट सर्किटपेक्षा कमी असतो, मग ब्रेकरला वाटतं लोडच जरा वाढलाय, आणि तो आणखी रेंगाळतो. म्हणजे करंट कमी असूनही इजा जास्त होऊ शकते, हे पहिल्यांदा ऐकलं की पटतच नाही.

मेन ब्रेकरच्या वरच्या बाजूला, जिथे ट्रान्सफॉर्मरची केबल येते, तिथली जागा मला सगळ्यात वाईट वाटते, कारण तिथला आर्क तो मेन ब्रेकर तोडूच शकत नाही, त्याच्याही मागचा पडावा लागतो. यूपीएसच्या बॅटरीचं वेगळंच, तिथे डीसी. एसीचा करंट ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, आर्क विझायला तेवढी तरी संधी मिळते, डीसीत तीही नाही.

उपाय आहेत. आर्कचा लखलखाट सेन्सरने पकडणारे रिले असतात, ते एक-दोन मिलिसेकंदात ट्रिपचा हुकूम देतात, पण ब्रेकरची स्प्रिंग, कॉन्टॅक्ट वगैरे शेवटी लोखंडच, उघडायला पुढे ३० ते ५० मिलिसेकंद लागतातच. मेंटेनन्स स्विच स्वस्त आणि भारी: पॅनेल उघडण्याआधी तो फिरवला की मेनचा सुस्तपणा तात्पुरता जातो. काम झाल्यावर तो परत फिरवायचा विसरलात तर मात्र पुढच्या छोट्याशा फॉल्टला अख्खा हॉल बंद, म्हणून बरेच जण त्याला हातच लावत नाहीत.

खरं तर ए आणि बी असे दोन फीड, म्हणजे वीज येण्याच्या दोन वेगळ्या लाइन, असतील तर लोड बीवर टाकून ए बंद करूनच काम करावं, दोन फीडचा खर्च केलाय तो कशासाठी? बंद केल्यावर ब्रेकरला कुलूप, टॅग, आणि मग मीटर: आधी चालू असलेल्या पॉइंटवर बघायचं मीटर चालतोय का, मग कामाच्या पॉइंटवर, मग परत चालू पॉइंटवर, कारण मीटर मध्येच मेला असेल तर तोही शून्यच दाखवेल. आणि हे सगळं फेस शील्ड, आर्क रेटेड (आर्कची उष्णता झेलणारा) सूट, ग्लोव्हज घालूनच, आतमध्ये पॉलिस्टरचा टीशर्ट नको, तो वितळून कातडीला चिकटतो. तिसरं रीडिंग नीट येईपर्यंत ते पॅनेल लाइव्हच आहे.