बॅकअप होता, पण खोचलेला होता

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या कारखानदाराने दिवाळीच्या सुट्टीनंतर शटर उघडलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर चालू केला. टॅली उघडेना. ड्रॉइंगच्या प्रत्येक फाइलच्या नावाला कसलंसं अगम्य शेपूट लागलेलं, आणि स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी: पैसे भरा, फाइली परत घ्या. बॅकअप? होता की. रोज रात्री आपोआप निघायचा, कॉम्प्युटरच्या मागे कायम खोचून ठेवलेल्या हार्डडिस्कवर. तिथल्या फाइलींनाही तेच शेपूट.

‘आमच्यासारख्या छोट्यांच्या मागे कोण लागतंय?’ हे सातपूरपासून सिन्नरपर्यंत कुठेही ऐका. खरंच, माणूस मागे लागतच नाही. प्रोग्रॅम दारं ठोठावत फिरतात. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे, पत्ते साधारण 430 कोटी. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं. एका कॉम्प्युटरवरून, चांगलं कनेक्शन असेल तर, हे सगळे पत्ते पाऊण तासात चाचपून होतात. त्यात अंबडचा गाळा आणि मुंबईची बँक सारखीच. आमच्या या गृहस्थांनी घरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. पासवर्ड? कंपनीचं नाव आणि पुढे 123.

आत शिरल्यावर जे होतं त्यातलं गणित मात्र दाद देण्यासारखं आहे. दाबलं की बसणारं कुलूप आठवा: लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली बंद करणारा प्रोग्रॅम, आधी तुमच्याच कॉम्प्युटरवर एक ताजी किल्ली तयार करतं आणि एईएससारख्या वेगवान पद्धतीने फाइली बंद करतं. मग ती किल्लीच एका पेटीत टाकून वर दाबाचं कुलूप लावतं; हे आरएसए. त्याची किल्ली चोराकडे, तुमच्या कॉम्प्युटरवर ती कधी आलेलीच नसते. म्हणून दुरुस्तीवाला कितीही हुशार असला तरी हात टेकतो. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं गणित ते हेच. कधीकधी चोरच कच्चा निघतो. ‘नो मोअर रॅन्सम’ या 2016 पासूनच्या संकेतस्थळावर काही जुन्या प्रकारांसाठी फुकट तोडगे मिळतात. पैसे भरून फाइली मिळतीलच याची हमी कोणीच देत नाही.

सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या मशीनला, जोडलेला विंडोज 7 चा पीसी हे आणखी एक दुखणं. त्याचे अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले, पण मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. चालू दे बापडा, फक्त त्याची इंटरनेटची वायर काढा.

व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी, फाइल, ‘आमचं बँक खातं बदललंय’ सांगणारा सप्लायरचा ईमेल, यांत गणित काही नाही, सरळ फसवणूक. खातं बदलल्याचं कळलं तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आमच्या गृहस्थांना सीएकडून मार्चअखेरची टॅली मिळाली, भरलेले रिटर्न जीएसटी पोर्टलवर होतेच. ड्रॉइंग मात्र एकेका गिऱ्हाइकाला फोन करून मागवावी लागली, आणि त्याचं कारणही सांगावं लागलं. आता दोन हार्डडिस्क आहेत. एक ऑफिसात, दुसरी डब्याच्या पिशवीतून घरी. दर सोमवारी अदलाबदल. महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतात, उघडतेय का.