गुंठ्याएवढ्या ठिपक्यातलं रान

चैत्रात सोलापूरच्या माळावर उभं राहिलं की नजर जाईल तिथवर करडं दिसतं. कुसळी वाळलेली, ज्वारीची रानं मोकळी. पण ओढ्याकाठच्या बाभळीखाली वाकून बघा. गुडघ्याएवढं कडुनिंबाचं रोप तांबूस पालवी घेऊन उभं असतं. ते कुणी लावलेलं नसतं. लिंबोळी खाल्लेलं पाखरू फांदीवर बसलं, बी खाली पडलं आणि काट्यांच्या आडोशाने रोप शेळ्यांपासून वाचलं.

असं आपसूक उगवलेलं रान नकाशावर आणायला उपग्रह लागतात. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर जमीन, जवळजवळ एक गुंठा! हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त उजेड परतवतं. पानावरून परतलेल्या या दोन्ही उजेडांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा आकडा मिळतो. पालवी दाट, तर आकडा मोठा.

पण आपल्याकडे एकाच चित्रावर विसंबलात तर पंढरपूर-माळशिरसचा ऊस घनदाट जंगल ठरेल. म्हणून वर्षभराची चित्रं ओळीने लावायची. तोडणी झाली की उसाचा आकडा एकदम कोसळतो. झाडाझुडपांचा हळूहळू उतरतो, तळाला मात्र जात नाही. मला सगळ्यांत भरवशाची वाटतात ती एप्रिल-मेची चित्रं. आभाळ निरभ्र, गवत वाळलेलं, त्यामुळे हिरवं उरतं ते बहुतेक झाडांचं किंवा ओलिताखालच्या पिकांचं. त्यावर जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांचे थर एकावर एक ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत, गटांच्या हद्दी, ओढे आणि उतार यांचे थर ठेवले की बागायत बाजूला काढता येते. उरलेल्या ठिपक्यांत उन्हाळ्याचा आकडा वर्षागणिक चढत असेल, तर तिथे रान परततंय. मागे जायचं तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९८०च्या दशकापासूनची ३० मीटरची चित्रं आहेत, २००८ पासून सगळ्यांना मोफत.

गुडघ्याएवढं रोप यात दिसत नाही. झाडोऱ्याने गुंठ्याचा बराचसा भाग झाकला, की मगच आकडा हलतो. शिवाय वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आलेलं, माळ बळकावणारं काटेरी झाड, भर उन्हातही हिरवी राहते आणि उपग्रहाला ती नुसतं झाड म्हणून दिसते. त्यासाठी हातात जीपीएस घेऊन त्या ठिपक्यापर्यंत चालत जावंच लागतं.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं गणित तर उलटंच. तिथलं गवत पावसात चढतं, हिवाळ्यात उतरतं, मे महिन्यात आकडा तळाला जातो. नकाशा करणारा त्याला सहज ‘पडीक’ म्हणून मोकळा होतो आणि पाठोपाठ झाडं लावायचे खड्डे येतात. वास्तविक तो काळविटांचा आणि लांडग्यांचा भरला संसार आहे. तिथे उन्हाळ्याचा आकडा वर्षागणिक चढू लागला तर मला धास्ती वाटते. गवतात वेडी बाभूळ शिरली की काय, हे आधी बघून यायला हवं.