ॲग्रीमेंट झालं, सेल डीड राहिलं: घराचा विमा कोणी काढायचा?

गोव्यात जुनं घर घेताना दोन कागद होतात. आधी ॲग्रीमेंट, म्हणजे साठेखत, आणि मग सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं जाणारं सेल डीड. ॲग्रीमेंटवर सही करून मोठी रक्कम मोजली की घर आपलंच झालं असं वाटायला लागतं. कायदा तसं मानत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. कलम 55 सांगतं की घर जळलं किंवा कोसळलं तर नुकसान घेणाऱ्याच्या माथी येतं, पण मालकी त्याच्याकडे गेल्यानंतर. तोवर ताबा विकणाऱ्याकडे असेल, तर घर नीट सांभाळण्याची जबाबदारी त्याची.

स्विंडनला राहणारा एखादा नातेवाईक फोनवर बजावतो, 'करार होताच विमा काढ.' त्याच्या ठिकाणी त्याचं बरोबर आहे, कारण इंग्लंडमध्ये करार झाला की जोखीम सहसा घेणाऱ्यावर येते. आपल्याकडे ती सेल डीडबरोबर येते, म्हणून आपली पॉलिसीही त्याच दिवसापासून लागू व्हायला हवी. फॉर्म आणि कागदपत्रं आधीच देऊन ठेवावीत. सेल डीड झाल्यावर 'बघू पुढच्या आठवड्यात' नको.

खरी पंचाईत आहे ती दोन कागदांमधल्या काळाची. इथे तो लांबतो. जुन्या घराला वारस अनेक, पतीपत्नींच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे जोडीदारांच्याही सह्या लागतात, कोणी पोर्तुगालला, कोणी आखातात, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली प्रक्रिया, झालेली नसेल तर आधी ती. एवढ्यात एक पावसाळा सहज निघून जातो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता, तरी झाडं पडून कितीतरी घरांची छपरं मोडली. आंब्याची फांदी मंगळुरी कौलांवर पडायला सेल डीडची वाट बघत नाही.

या काळात घराचा विमा असायचा तो घर विकणाऱ्याचा. तो आहे का, आणि कधी संपतो, हे ॲग्रीमेंटआधीच विचारा आणि पॉलिसीची प्रत मागा. माझ्या मते त्याहून मोलाचं म्हणजे ॲग्रीमेंटमधलं एक कलम: सेल डीडआधी घराचं नुकसान झालं तर विकणाऱ्याने दुरुस्ती करून द्यायची, किंमत कमी करायची की ॲडव्हान्स परत करायचा. वकिलाला हे लिहायला दहा मिनिटंही लागत नाहीत, तरी बहुतेक जण विचारतच नाहीत.

विकणाऱ्याची पॉलिसी घरासोबत आपोआप आपल्या नावावर येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 49 चा थोडा आधार आहे, पण तो आगीच्या विम्यापुरता, आणि विकणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष पडलेले पैसे घर दुरुस्तीला लावायला सांगण्याइतकाच. त्यावर विसंबू नका.

किल्ली आधी मिळाली आणि फ्रिज, कपाटं आत नेली, तर त्या सामानाचा विमा मात्र तेव्हापासूनच आपल्या नावाने काढावा. सामान पहिल्या दिवसापासून आपलंच असतं.

बँकेने कर्जासोबत कापलेला हप्ता बहुधा कर्जदाराच्या आयुष्याच्या विम्याचा असतो. भिंत पडली तर त्यातून काही मिळत नाही. पावती वाचून बघा.

रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरू नये. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांना द्यावी लागणारी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी घर पुन्हा बांधायचा खर्च धरते, म्हणजे कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. गोव्यात व्यवहाराची रक्कम जमिनीमुळेच फुगते, त्यामुळे विम्याचा आकडा त्यामानाने बराच लहान निघतो. फॉर्ममध्ये भिंती चिऱ्याच्या की मातीच्या, छप्पर कौलारू की स्लॅबचं, आणि घर वर्षातले किती महिने बंद राहणार, हे जसं आहे तसं लिहा.