दीड हजार वॉटचा रॉड आणि १९० व्होल्ट

जानेवारीत ग्वाल्हेरला सकाळी सातच्या सुमारास व्होल्टेज बसतं. लश्कर या जुन्या भागातल्या गल्ल्यांमध्ये रॉड, गीझर आणि कॉइलचे हीटर एकाच वेळी लागतात. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या तारांवर सगळ्यांचा भार एकदम येतो, आणि गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर २३० व्होल्टचे १९० झालेले असतात. अशा वेळी हटकून ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "व्होल्टेजच नाही, निदान बिल तरी कमी येईल!"

येतं का? पाणी तापवायच्या रॉडवर हिशेब करून बघू.

रॉडवर १५०० वॉट, २३० व्होल्ट असं छापलेलं असतं. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. म्हणून १५०० ला २३० ने भागलं की करंट मिळतो, साधारण ६.५ अँपिअर. आता व्होल्टला अँपिअरने भागा, म्हणजे २३० भागिले ६.५२. हा झाला रॉडचा रोध, सुमारे ३५.३ ओहम. शाळेत यासाठी V, I, R (व्होल्टेज, करंट, रोध) यांचा त्रिकोण काढून एकेका अक्षरावर बोट ठेवायला शिकवतात. मला तो त्रिकोण कधीच आवडला नाही. त्यात तिन्ही राशी एका तोलाच्या वाटतात, आणि तशा त्या नाहीत. व्होल्टेज बाहेरून येतं, रोध रॉडच्या आतल्या तारेचा असतो, आणि करंट या दोघांतून ठरतो. वॉट तर त्याच्याही नंतर. छापलेले १५०० वॉट फक्त २३० व्होल्टला खरे.

म्हणून १९० व्होल्टला ३५.३ ओहम तसाच ठेवायचा. करंट ५.४ अँपिअर होतो, आणि १९० गुणिले ५.४ म्हणजे जेमतेम १०२५ वॉट. व्होल्टेज सतरा टक्क्यांनी उतरलं, पण शक्ती बत्तीस टक्क्यांनी, कारण व्होल्टबरोबर करंटही घसरला आणि गुणाकारात दोन्हींचा फटका बसला. उलट, रात्री भार उतरल्यावर व्होल्टेज २४५ ला गेलं तर हाच रॉड १७०० वॉट ओढतो, सात अँपिअरच्या आसपास. बाथरूमजवळच्या बोर्डावर बऱ्याचदा सहा अँपिअरचाच सॉकेट असतो, हे इथे आठवावं.

आता बिल. वीस लिटरची बादली १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतं. ते पाण्याचं मागणं आहे, व्होल्टेजचं नाही. १५०० वॉटने ते २८ मिनिटांत पुरं होतं, १०२५ वॉटने ४१ मिनिटांत. युनिट तेवढंच. खरं तर किंचित जास्तच, कारण उघड्या बादलीतून थंड हवेत उष्णता निसटायला तेरा मिनिटं जादा मिळाली.

करंटची खात्री करायची तर इलेक्ट्रिशियन बोर्ड उघडून क्लॅम्प मीटर लावतो, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर. मात्र तो नुसत्या फेजच्या वायरीभोवतीच धरावा लागतो. रॉडच्या अख्ख्या केबलभोवती धरला तर मीटर शून्य दाखवतं, कारण फेजमधला आणि न्यूट्रलमधला करंट एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. (हे काम घरी स्वतः करू नये. आणि रॉड चालू असताना पाणी तापलं का हे बोटाने बघू नये, कितीही घाई असली तरी.)

व्होल्टेज स्थिर नसण्याचा हा ताप खुद्द जॉर्ज ओहमलाही झाला होता, ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो. कोलोनच्या शाळेत शिकवताना तो प्रयोग करत असे, पण त्याच्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर चालता चालता ओसरायचा. शेवटी १८२६ मध्ये त्याने बॅटरी सोडून तांबे आणि बिस्मथचे सांधे वापरले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. अशा सांध्यांत तापमानातल्या फरकानेच व्होल्टेज तयार होतं; फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. त्यानंतर आकडे जुळू लागले आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

ओहमचा हा व्होल्ट भागिले अँपिअरचा भागाकार तारेचं तापमान फार न बदलेल तिथेच सरळ चालतो. रॉडमधल्या नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर थोडासाच वाढतो. जुन्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बची गोष्ट वेगळी. पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम, आणि थंड बल्ब मल्टिमीटरला लावला तर चाळीसच्या आसपास.

या सगळ्यात मला सर्वांत धोक्याची वाटते ती प्लगची सैल पिन. सॉकेटमध्ये पिन नीट बसली नाही आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला, तर ६.५ अँपिअरला सव्वातीन व्होल्ट तिथेच पडतात. पाणी तापायला त्याने काही फरक पडत नाही, कुणाला कळतही नाही. पण सव्वातीन गुणिले साडेसहा म्हणजे २१ वॉट त्या पिनेपाशी उष्णता होऊन साचतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते आणि तिने कथील वितळतं. प्लग आधी तपकिरी पडतो, मग वास येतो.

इन्व्हर्टर एसीचं गणित उलटं. त्यातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट व्होल्टेज उतरलं तरी वॉट कायम ठेवू बघतं. १५०० वॉटसाठी २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर पुरतात, १९० ला जवळजवळ ७.९ लागतात. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे जेम्स जूलने १८४० च्या सुमारास दाखवलं होतं. म्हणजे त्याच वायरीत आता जवळपास दीडपट उष्णता. फ्रिजच्या मोटरलाही कमी व्होल्टेज मानवत नाही, तिचाही करंट वाढू शकतो. शिवाय मोटरच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर हा आकडा खऱ्या वॉटपेक्षा मोठा येतो, आणि घरचं मीटर मोजतं ते खरे वॉट. तेव्हा स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल तर तो फ्रिजला घ्यावा. रॉडला तो लावून तेरा मिनिटं वाचतील, पैसे नाहीत.