कोडाचं मोजमाप त्वचेपुरतं नको

ओठाच्या कोपऱ्यात डाळीएवढा पांढरा डाग असलेली मुलगी पाठभर कोड असलेल्या माणसापेक्षा जास्त खचलेली असू शकते. पाठ सदऱ्याखाली झाकते, ओठ झाकत नाही. म्हणूनच किती टक्के त्वचा पांढरी झाली एवढंच लिहून घेणारी तपासणी मला अपुरी वाटते.

कोड म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशींनी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर केलेला हल्ला. ते संसर्गाने पसरत नाही आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो, कोडाच्या डागावर तो नीट कळतो. तरी दोन्हींची गल्लत होते, आणि वर्गात शेजारचं मूल उठून दुसऱ्या बाकावर बसतं.

हा जाच मोजायचा कसा? ब्रिटनमधल्या कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ साली, कुठल्याही त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजणारी १० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरली जाते. तिचा पहिलाच प्रश्न खाज आणि वेदनेचा, आणि सगळे प्रश्न गेल्या आठवड्याबद्दलचे. कोड सहसा खाजत नाही, दुखत नाही. आणि पत्रिका जुळूनही ‘मुलीला डाग आहेत’ म्हणून मोडलेलं स्थळ गेल्याच आठवड्यातलं असेल, असं थोडंच आहे? धाकटीचंही लग्न अडेल ही आईची धास्ती तर तिथे कुठल्याच रकान्यात बसत नाही. आपल्याकडच्या रुग्णांचं म्हणणं टिपावं म्हणून दिल्लीच्या एम्समध्ये खास कोडासाठी प्रश्नावली तयार झाली, तिचं सुधारित रूप २२ प्रश्नांचं आहे.

उपचार आहेत, पण धीर लागतो. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने दवाखाना गाठावा लागतो. म्हणजे रजा, प्रवासखर्च, आणि ‘कुठे जातेस गं?’ला द्यायची उत्तरं. रंग परततो तो बहुधा केसांच्या मुळांपासून, बारीक तपकिरी ठिपक्यांनी. बोटांच्या टोकांना केसच नसतात, तिथे तो फार कमी येतो. परकराची नाडी काचते किंवा चपलेचा पट्टा घासतो, तिथे नवे डाग उठू शकतात. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानेही कपाळावरचा रंग जातो.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी स्वमदत गट चालवते, वधू-वर मेळावेही घेते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मलमाच्या नावाखाली अशा गटाचा पत्ताही यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.