चिलीतल्या झाडाची साल आणि कॅन्सरची लस

रिठा पाण्यात चोळला की फेस येतो तो सॅपोनिनमुळे. चिलीत क्विलाया नावाचं झाड आहे, त्याची सालही अशीच फेसाळते. तिथले मापुचे लोक ती साबणासारखी वापरत आले. आज त्याच सालीतलं क्यूएस-21 हे सॅपोनिन नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीत असतं. प्रत्येक डोसमध्ये 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग.

हे द्रव्य स्वतः कोणत्याही रोगाशी लढत नाही. लशीतल्या मुख्य घटकाकडे शरीराचं लक्ष वेधायचं, एवढंच त्याचं काम. अशा मदतनिसाला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. 1920च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले गास्तों रामों घटसर्पाची प्रतिद्रव्यं मिळवण्यासाठी घोड्यांना इंजेक्शनं देत. सुई टोचली तिथे गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिद्रव्यं जास्त सापडतात, हे त्यांनी हेरलं. मग त्यांनी मुद्दामच पावाचा चुरा, टॅपिओका (हो, ज्याचा आपण साबुदाणा करतो तोच) असं काहीबाही मिसळून पाहिलं. त्यांच्या यादीत सॅपोनिनही होतं.

कॅन्सरच्या संशोधकांना क्यूएस-21 आवडलं त्याचं कारण वेगळं. एरवी लशीतलं प्रथिन डेन्ड्रायटिक पेशीने (परक्या गोष्टी गिळून त्यांचे तुकडे इतर संरक्षक पेशींना दाखवणारी पेशी) गिळलं की ते पेशीच्या आतल्या पिशवीत अडकून पडतं. क्यूएस-21 त्या पिशवीचं आवरण कमकुवत करतं आणि प्रथिन बाहेर सांडतं. विषाणू पेशीत शिरल्यावर जसे त्याचे तुकडे बाहेरून दिसतील असे मांडले जातात, तसे मग या प्रथिनाचेही मांडले जातात. ते पाहून मारक टी पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशींना ठार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, जाग्या होतात. गाठ संपवायला नुसती प्रतिद्रव्यं सहसा पुरत नाहीत, या टी पेशी लागतात.

कागदावर सगळं जुळत होतं. ग्लॅक्सो कंपनीने मेज-ए3 हे प्रथिन निवडलं. ते कॅन्सरच्या अनेक गाठींत असतं, निरोगी शरीरात मात्र वृषणाखेरीज जवळजवळ कुठेच नसतं. क्यूएस-21 आणि आणखी दोन उद्दीपक त्याच्या जोडीला दिले. फुप्फुसाच्या कॅन्सरची गाठ शस्त्रक्रियेने काढलेल्या 2200हून जास्त रुग्णांवर चाचणी झाली. प्रतिद्रव्यं तयार झाली, पण आजार उलटण्याचं प्रमाण काही घटलं नाही. 2014मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला.

हेच क्यूएस-21 नागिणीच्या लशीत 90 टक्क्यांहून जास्त संरक्षण द्यायला मदत करतं. क्विलायाचीच सॅपोनिनं असलेली आर21 ही मलेरियाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. मग कॅन्सरपुढेच घोडं का अडतं? माझ्या मते दोष सालीचा नाही. विषाणू परका असतो, गाठ आपल्याच पेशींची असते. शिवाय ती चालून आलेल्या टी पेशींना ब्रेक लावते. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून काय उपयोग? म्हणून आता हा ब्रेक सोडवणारी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं लशींच्या जोडीने देऊन पाहिली जात आहेत.

इथे काढेवाल्यांना हात जोडून एक सांगायचंय. वनस्पतीतलं म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. सुटं सॅपोनिन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं. शिंग्रिक्समध्ये ते कोलेस्टेरॉल असलेल्या मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत अडकवलेलं असतं, म्हणूनच चालतं. रिठ्याचं पाणी पिऊन यातलं काहीही साधणार नाही.

अडचण पुरवठ्याचीही आहे. झाडं चिलीत आणि सालीत हे द्रव्य अगदी थोडं. 2024मध्ये कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टमध्ये वेगवेगळ्या जीवांची जनुकं घालून साध्या साखरेपासून क्यूएस-21 बनवून दाखवलं. उत्पादन लिटरमागे सुमारे 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे शिंग्रिक्सच्या जेमतेम दोन डोसांपुरतं. पण यीस्टमध्ये रेणूची घडण हवी तशी बदलता येते. तांबड्या पेशी फोडण्याचा गुण कमी असलेलं आणि टी पेशींना जास्त चेतवणारं रूप शोधायला आता झाड तोडायची गरज नाही.