अकाली बहर (हिवाळी)

समशीतोष्ण प्रदेशांत हिवाळा नेहमीपेक्षा उबदार गेला, की बागेतील झाडे, झुडपे आणि कंदवर्गीय वनस्पती हंगामाच्या कित्येक आठवडे आधी फुलतात. त्याला अकाली बहर म्हणतात.

ब्रिटनमधील डिसेंबर २०१५ हे त्याचे ठळक उदाहरण. मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानाच्या नोंदी १६५९ पासून सलग आहेत; त्यांत इतका उबदार डिसेंबर दुसरा नाही. सरासरी तापमान ९.७ अंश से. होते, म्हणजे तिथल्या एरवीच्या एप्रिलपेक्षाही जास्त. एरवी वसंतात फुलणारे डॅफोडिल हे कंदाचे फूल नाताळाच्या आधीच ठिकठिकाणी उमलले. नववर्षाच्या सुरुवातीस वनस्पतिप्रेमींनी केलेल्या देशव्यापी पाहणीत ६०० हून अधिक जातींची रानफुले फुललेली आढळली. मात्र त्यांतली बहुतेक शरद ऋतूतलीच होती; थंडी न पडल्याने त्यांचा बहर लांबला होता. वसंतातली फुले थोडीच. ‘वसंत लवकर आला’ असे सरसकट म्हणणे म्हणूनच फसवे ठरते. शिवाय पिवळी हिवाळी जाई किंवा ‘राइनवेल्ड्स अर्ली सेन्सेशन’ हा डॅफोडिल मुळातच भर हिवाळ्यात फुलतो. त्यात अकाली काही नाही.

नुसत्या उबेने कळी फुटत नाही. सफरचंद, चेरी यांसारख्या झाडांच्या कळ्या शरदात सुप्तावस्थेत जातात आणि पुरेशी थंडी मिळेपर्यंत ऊब असूनही जाग्या होत नाहीत. सफरचंदाच्या अनेक जातींना ७ अंशांखालील सुमारे १,००० तास लागतात. ही गरज भागली, की पुढचा वेग उबेवर ठरतो. म्हणून थंडीनंतर आलेली ऊब बहर लवकर आणते. थंडीच अपुरी पडली, तर तो उलट रेंगाळतो आणि विरळ येतो. काही वनस्पती दिवसाच्या लांबीकडेही पाहतात, त्या सहसा फसत नाहीत. कोकणातल्या हापूसचे गणित वेगळे: त्याला मोहोर धरायलाच थंड रात्री लागतात, त्यामुळे उबदार हिवाळ्यात मोहोर उशिरा येतो.

खरे नुकसान बहराने नव्हे, त्यामागून येणाऱ्या गोठणाऱ्या रात्रीने होते. सुप्त कळी शून्याखाली २० अंशांपर्यंतही तग धरते. सफरचंदाचे उमललेले फूल उणे २ अंशांच्या आसपासच दगावू लागते. पाकळ्या वरून ताज्या दिसतात, पण फूल उभे चिरले की मधला स्त्रीकेसर काळा पडलेला आढळतो. त्या फुलाला फळ धरत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मार्च २०१२ मध्ये उन्हाळ्यासारखी ऊब पडली आणि एप्रिलमध्ये गोठण झाले. आंबट चेरी व सफरचंदाचे सुमारे ९० टक्के पीक गेले. शोभेच्या झाडांत मॅग्नोलियाच्या पाकळ्या एका रात्रीत तपकिरी होतात. स्नोड्रॉप (छोट्या पांढऱ्या फुलांचा कंद) आणि डॅफोडिल मात्र चिवट. गोठणात आडवे पडतात आणि ऊन लागले की पुन्हा उभे राहतात.

बहराच्या तारखा टिपण्याची ब्रिटनमधील परंपरा जुनी आहे. नॉरफकमधील जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या. त्यांच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालवल्या. केंब्रिजच्या संशोधकांनी ४०६ जातींच्या ४ लाखांहून अधिक जुन्या-नव्या नोंदी तपासून २०२२ मध्ये दाखवले, की १९८७ नंतरचा पहिला बहर त्याआधीच्या काळाच्या तुलनेत सरासरी सुमारे महिनाभर लवकर आला आहे.

अकाली फुललेल्या झाडाची छाटणी माळी लगेच करत नाहीत, कारण छाटणीने आणखी कोवळी फूट येते. लहान झाडांवर रात्री हलके कापड टाकतात. कंदांना सहसा तसेच राहू देतात.